फ्लॅटमागे किती घ्यायचे? सोसायटीच्या सफाईचा दर मिनिटांवरून काढा

प्रश्न असा आहे: पुण्यात दोन-तीन छोट्या ऑफिसांची सफाई सांभाळणाऱ्या एकाला वाकडमधल्या सोसायटीने कोटेशन मागितलंय. चार विंग, प्रत्येक विंगला पार्किंगवर सात मजले, मजल्यावर चार फ्लॅट, म्हणजे एकूण ११२ फ्लॅट. सेक्रेटरी म्हणतात, "फ्लॅटमागे किती तेवढं सांगा." दुसऱ्या एका कंत्राटदाराने दोन माणसं देऊन महिना ३८,००० सांगितलेत. आपण किती सांगावं, आणि काम बसवावं कसं?

फ्लॅटमागचा आकडा सेक्रेटरींना मेंटेनन्सच्या बिलात घालायला सोयीचा असतो. तुम्हाला त्यातून कामाचा काहीच अंदाज येत नाही. वन बीएचकेचे ११२ फ्लॅट आणि थ्री बीएचकेचे ११२ फ्लॅट यांच्या पॅसेजची लांबी, पार्किंगचा पसारा, रोजचा कचरा, काहीच सारखं नसतं. तुमच्या ऑफिसांत चौरस फुटावर भाव चालत असेल, कारण तिथे सपाट फरशी असते आणि माणसं दहाला येतात. जिन्याच्या चौरस फुटाला लागणारा वेळ आणि पार्किंगच्या चौरस फुटाला लागणारा वेळ यांचा एकमेकांशी संबंध नाही. म्हणून आधी मिनिटं मोजा, मिनिटांवरून माणसं काढा, माणसांवरून पैसे. फ्लॅटमागचा आकडा सगळ्यात शेवटी, भागाकार करून द्या.

पाहणीला सोमवारी सकाळी जा. रविवारची सुट्टी होऊन गेलेली असते, त्यामुळे सोसायटी खरी कशी आहे ते दिसतं. सेक्रेटरी तुम्हाला लॉबी आणि क्लबहाऊस दाखवतील. तुम्ही मधल्या मजल्याचा जिना, डक्टच्या (पाइपांसाठी सोडलेल्या उभ्या पोकळीच्या) खिडक्या, मीटर रूम आणि वॉचमनचं टॉयलेट बघायला मागा. नळ कुठे आहे ते विचारा. मजल्यावर पाणी नसेल तर बादली खालून न्यावी लागते, आणि पोछ्याचं घाण पाणी ओतायलाही खालीच यावं लागतं. मग थेट विचारा की सफाईच्या बाईंना लिफ्ट वापरता येते का. काही सोसायट्यांमध्ये अजून येत नाही. अशा ठिकाणी मी पुसण्याचा वेळ दीडपट धरतो आणि कोटेशनमध्ये त्याचं कारण स्पष्ट लिहितो. बहुतेक वेळा पुढच्या मीटिंगमध्ये लिफ्ट खुली होते.

फरशी कसली आहे तेही लिहून घ्या. कोटा, कडाप्पा आणि संगमरवर हे चुन्याचे दगड, त्यांना ॲसिड खातं. ग्रॅनाइट आणि व्हिट्रिफाइड टाइल सहसा बिघडत नाहीत, पण टाइलच्या सांध्यातलं सिमेंट ॲसिडने झिजतंच. ही नोंद पुढे कामाला येते.

आता तुमच्या सोसायटीची मिनिटं मांडू. एका मजल्याचा पॅसेज आणि खालच्या मजल्यापर्यंतचा जिना झाडायला साधारण ५ मिनिटं, पुसायला पाणी बदलण्यासकट १०. सात मजल्यांच्या विंगला रोजचं झाडणं ३५ मिनिटं, लिफ्ट १०, खालची लॉबी झाडून-पुसून १५. म्हणजे विंगला एक तास, चार विंगांना २४० मिनिटं. पुसणं एक दिवसाआड धरलं तर रोज दोन विंग, त्याचे १४०. पार्किंग आणि आतला रस्ता खराट्याने १६०. वॉचमनचं टॉयलेट, सोसायटीचं ऑफिस, क्लबहाऊस मिळून ४०. कचऱ्याचे डबे बाहेर काढणं, रिकामे झाल्यावर धुऊन परत ठेवणं ४५. शिवाय आठवड्याची कामं असतात: कठडे, जळमटं, काचा, फायर होजच्या पेट्या, गच्ची, मीटर रूम. त्यांना आठवड्याला १२ तास लागतात, म्हणजे सहा दिवसांत रोजचे १२०. सगळं मिळून ७४५ मिनिटं.

आठ तासांच्या पाळीत माणूस ४८० मिनिटं काम करत नाही, आणि तशी अपेक्षाही धरू नये. चहा, जेवण, पाणी भरणं, या विंगमधून त्या विंगमध्ये जाणं, "मावशी, जरा हे बघा" असं म्हणून थांबवणारे रहिवासी. मी ३९० धरतो. ७४५ भागिले ३९० म्हणजे १.९१. दोन माणसं लागतात, आणि दोघांत मिळून अर्ध्या तासाची सैल जागा उरते. ती उरलीच पाहिजे. कोणाच्या घरी येणाऱ्या पार्सलमधून तेल सांडतं, कोणाचं कुत्रं लिफ्टमध्ये घाण करतं, ती मिनिटं तिथूनच येतात.

माझे हे आकडे तसेच उचलू नका. कुठल्याही इमारतीचा एक मजला तुमच्याच माणसाकडून झाडून-पुसून घ्या आणि घड्याळ लावा. तुम्ही समोर उभे असताना लागतो त्यात चौथा हिस्सा वेळ आणखी मिळवा.

आता पैसे. किमान वेतन परिमंडळाप्रमाणे, म्हणजे सरकारने पाडलेल्या भागांप्रमाणे, बदलतं आणि त्यावरचा विशेष भत्ता दर सहा महिन्यांनी, जानेवारी आणि जुलैला नव्याने जाहीर होतो, म्हणून त्या महिन्याचा आकडा कामगार आयुक्तालयाच्या परिपत्रकातूनच घ्या. इथे हिशोब सोपा व्हावा म्हणून महिना १५,००० धरतो. त्यावर:

पीएफ, मालकाचा वाटा आणि इतर आकार मिळून १३ टक्के: १,९५०
ईएसआय (कामगार विमा) ३.२५ टक्के: ४८८
बोनस ८.३३ टक्के: १,२५०
ग्रॅच्युइटीची तरतूद ४.८१ टक्के: ७२१
पगारी रजांच्या दिवशी बदली माणूस, महिन्याला सरासरी दोन दिवस: १,१५४
गणवेश, बूट, हातमोजे: २५०

एका माणसाचा खर्च झाला २०,८१३, दोघांचा ४१,६२६. त्यात साहित्य आणि केमिकल ३,५००, मॉप-बादल्या-व्हॅक्यूमची झीज १,०००, तुमच्या सुपरवायझरच्या पगारातला या सोसायटीचा वाटा ३,०००. बेरीज ४९,१२६. ऑफिसखर्च आणि नफा मिळून १० टक्के धरले तर ५४,०३९. जीएसटी लागू असेल तर १८ टक्के वर, म्हणजे ६३,७६६. आता भागाकार करा: जीएसटीशिवाय फ्लॅटमागे ४८२ रुपये, जीएसटीसह ५६९.

तुमची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर जीएसटीची नोंदणी सक्तीची नाही, आणि ज्या सोसायटीला इनपुट क्रेडिट (दिलेला जीएसटी वळता करून घेणं) मिळत नाही तिच्या दृष्टीने हा चक्क १८ टक्क्यांचा फरक आहे. लहान कंत्राटदाराच्या बाजूची ही एकच गोष्ट, ती वापरा. पीएफही वीस माणसांखाली सक्तीचा नाही. पण आज लागू नसलेली ओळ कोटेशनमधून गुपचूप गाळू नका. "लागू झाल्यास त्या महिन्यापासून आकारली जाईल" असं लिहून ठेवा. तिसरी-चौथी सोसायटी मिळाली की ती लागू होते, आणि तेव्हा जुन्या सोसायटीकडे हात पसरायला जड जातं. पगाराची मोडतोड करून मूळ वेतन कमी दाखवायचं आणि पीएफ वाचवायचा, ही जुनी युक्तीही आता धरू नका. नोव्हेंबर २०२५ मध्ये चार कामगार संहिता लागू झाल्या, त्यात भत्त्यांचा वाटा एकूण पगाराच्या निम्म्यापलीकडे गेला तर वरचा भाग वेतनातच धरला जातो.

मग ३८,००० कुठून आले? तुम्हीच बघा, वरच्या सगळ्या ओळी धरून दोन माणसांचा खर्चच ४१,६२६ आहे. म्हणजे तो कंत्राटदार माणसाला बारा-तेरा हजार रोख देतोय, पीएफ-ईएसआय नाही, सुट्टीच्या दिवशी बदली नाही, आणि बहुधा तीच माणसं दुपारी दोननंतर दुसऱ्या सोसायटीत जातात. याला स्वस्त दर म्हणत नाहीत. फरकाचे पैसे माणसाच्या खिशातून आणि सोसायटीच्या जोखमीतून येतात. सेक्रेटरींना हे नीतिमत्तेच्या भाषेत सांगू नका, त्याचा उपयोग होत नाही. त्यांना एवढंच सांगा की कंत्राटदाराने वेतन थकवलं तर मुख्य मालक (ज्याच्या जागेवर काम चालतं तो) म्हणून ते देण्याची जबाबदारी सोसायटीवर येऊ शकते, आणि जिन्यावरून घसरून एखाद्या बाईंचा पाय मोडला आणि ईएसआय नसेल तर हॉस्पिटलचं बिल कुठे येईल याचा कमिटीने विचार करावा. तुमच्या बिलासोबत दर महिन्याला पीएफ-ईएसआय भरल्याच्या चलनाची प्रत आणि वेतन बँकेत जमा केल्याचा पुरावा जोडायची तयारी दाखवा. दुसरा कंत्राटदार ते करू शकणार नाही.

आता काम बसवण्याकडे येतो. दर बरोबर काढूनही माणसं सोसायट्या गमावतात ती इथे.

ऑफिसात सफाई रिकाम्या जागेत होते. सोसायटीत माणसं घरातच असतात, त्यामुळे सगळा खेळ क्रमाचा आहे. सकाळी सातला पार्किंग झाडायला घेऊ नका. गाड्या उभ्या असतात, खराटा दोन गाड्यांच्या मधून फिरतो आणि धूळ गाड्यांवर बसते. सातला लिफ्ट आणि लॉबी. शाळेच्या व्हॅन आणि ऑफिसवाले निघायच्या आत हे दोन चकचकीत दिसले की अर्ध्या तक्रारी जन्मालाच येत नाहीत. त्यानंतर मजले झाडायचे, वरून खाली. पुसणं मात्र कचरा उचलून झाल्यावरच. पुण्यात दारोदार कचरा घेणाऱ्या 'स्वच्छ'च्या ताई किंवा सोसायटीची माणसं मजल्यावरून डबे उतरवतात तेव्हा ओल्या कचऱ्याचं पाणी पायरीपायरीवर गळतं. आधी पुसलं तर ते सगळं वाया, आणि दहा वाजता येणारा फोन ठरलेला. पार्किंग साडेदहानंतर, गाड्या गेल्या की.

दारापुढची रांगोळी आणि चपलांचे रॅक यांना हात लावायचा नाही, हे माणसांना पहिल्याच दिवशी सांगा. रांगोळीभोवतीने झाडायचं. चपला बाहेर पसरलेल्या असतील तर त्यांच्या खालचं झाडलं जाणार नाही, असं सोसायटीच्या नोटीस बोर्डावर कमिटीच्या सहीने लावून घ्या. तुमच्या सहीने लावलेलं कोणी वाचत नाही.

जिना पुसताना वरून खाली यायचं, खालच्या पायरीवर उभं राहून वरची पुसायची, म्हणजे ओल्या पायरीवर पाय पडत नाही. आधी कठडा, मग पायऱ्या. दर दोन मजल्यांना पाणी बदलायचं. हे सांगून होत नाही, बघावं लागतं. न बदललेल्या पाण्याने पुसलेली फरशी ओली असताना छान दिसते आणि वाळल्यावर तिच्यावर करडे फराटे उमटतात. त्यामुळे सुपरवायझरने पुसल्यानंतर अर्ध्या तासाने बघायला जावं, लगेच नाही. टॉयलेटचा पोछा वेगळ्या रंगाचा, आणि तो रंग कधीही जिन्यावर दिसता कामा नये. रहिवाशांचं याकडे तुम्हाला वाटतं त्यापेक्षा जास्त लक्ष असतं.

कमिटीतले जुने सभासद "महिन्यातून एकदा जिना पाइप लावून धुवा" असं हमखास म्हणतील. नम्रपणे नाही म्हणा. वाहतं पाणी लॉबीतून लिफ्टच्या खड्ड्यात उतरतं, तिथे वायरिंग आणि स्विच असतात, आणि लिफ्ट बंद पडली की दुरुस्तीचं बिल तुमच्या नावावर लागतं. मीटर रूमच्या दाराखालूनही पाणी आत जातं. धुवायचंच तर खालचं पार्किंग आणि रॅम्प; मजल्यांवर फक्त ओला मॉप. लिफ्टच्या दाराच्या खाचेत वाळू आणि रांगोळीचे कण साचतात, दार अडकतं, आणि लोक लिफ्ट कंपनीला शिव्या घालतात. ती खाच रोज ब्रशने साफ करायची, दोन मिनिटांचं काम. बटणांच्या पॅनलवर स्प्रे कधी मारायचा नाही. फडक्यावर मारून फडकं फिरवायचं.

केमिकलचं प्रकरण थोडक्यात. फरशीला, काचेला आणि कमोडला वेगळं. टास्की या ब्रँडची आर-टू, आर-थ्री, आर-सिक्स ही मालिका बहुतेकांना माहीत असते, तशीच दुसऱ्या कंपन्यांचीही मिळते. मापाचं झाकण द्या, नाहीतर "जास्त घातलं की जास्त स्वच्छ" या समजुतीने महिन्याचा डबा दहा दिवसांत संपतो आणि फरशी चिकट होते. बाजारात सुटं मिळणारं ॲसिड स्टोअरमध्ये ठेवूच नका. कोट्यावर पडलं तर पांढरा डाग कायमचा, त्याच्या वाफेने लिफ्टचं स्टीलचं दार डागाळतं. आणि ब्लीचिंगसोबत मिसळलं तर क्लोरीन वायू सुटतो. बंद टॉयलेटमध्ये काम करणाऱ्या माणसाच्या तो जिवावर बेतू शकतो.

पावसाळ्याचं वेगळं लिहून द्या. मेअखेर गच्चीवरच्या पावसाच्या पाइपांच्या जाळ्या साफ झाल्याच पाहिजेत. तिथे कबुतरांची पिसं, पतंगाचा मांजा, वाळलेली पानं अडकलेली असतात, आणि पहिल्या मोठ्या पावसात गच्चीवर पाणी तुंबून वरच्या मजल्यावर गळती लागते. जून ते सप्टेंबर लॉबी दिवसातून दोनदा पुसायची, जिन्याच्या तोंडाशी काथ्याची पायपुसणी घालायची, रॅम्पवरचं शेवाळ आठवड्याला घासायचं. हा वेळ पार्किंगमधून काढता येतो, कारण ओल्या पार्किंगमध्ये खराटा तसाही चालत नाही.

डक्टमधली कबुतरांची विष्ठा हे रोजचं काम नाही, त्याचा दर वेगळा. कोरडी खरवडायची नाही, आधी भिजवायची, मास्क लावूनच. पाण्याच्या टाक्या वेगळ्या, बाहेरून लोंबकळून काचा पुसणं वेगळं. फ्लॅटच्या इंटेरियरच्या कामाचा राडारोडाही वेगळा: ज्याच्याकडे काम चालू आहे त्या सभासदाकडून सोसायटीने महिन्याचा जादा आकार घ्यावा आणि तो तुम्हाला द्यावा, असं कलम घाला. एका फ्लॅटची तोडफोड दोन महिने अख्ख्या विंगला धूळ खायला लावते.

एक गोष्ट दर कितीही मिळाला तरी करायची नाही. ड्रेनेजच्या चेंबरमध्ये, सेप्टिक टँकमध्ये किंवा एसटीपीच्या (सांडपाणी शुद्धीकरणाच्या) टाकीत आपलं माणूस उतरवायचं नाही, "फक्त दोन मिनिटं" म्हटलं तरी नाही. हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने अशा कामाला माणूस जुंपणं हा गुन्हा आहे, आणि उतरवणारा कंत्राटदार आणि सांगणारी कमिटी दोघंही अडकतात. त्यासाठी सक्शनची गाडी मागवतात. करारात हे वाक्य ठळक अक्षरात ठेवा. एखाद्या रविवारी चेंबर तुंबल्यावर तुमच्या माणसाला तेच वाक्य दाखवता येतं.

करारातली बाकीची कलमं मी भराभर सांगतो. कुठलं काम किती वेळा, याचा तक्ता करारासोबत जोडलेला हवा आणि त्याच तक्त्याची प्रत प्रत्येक विंगच्या बोर्डावर. जानेवारी-जुलैला विशेष भत्ता वाढला की दर त्या प्रमाणात आपोआप वाढेल. तक्रार फक्त सेक्रेटरी किंवा नेमलेल्या एका सभासदाकडून, एकाच नंबरवर. नाहीतर तुमच्या दोन माणसांना ११२ साहेब होतात. बायकांसाठी कपडे बदलायला जागा आणि वापरण्याजोगं टॉयलेट सोसायटीने द्यायचं. ते नसेल तर चांगल्या बाया टिकत नाहीत, मग तुम्ही पगार कितीही द्या.

पैसे येण्याची तारीख नीट बोलून घ्या. पगार तुम्हाला सात तारखेच्या आत करावा लागतो, आणि सोसायटीचा चेक सह्यांसाठी खजिनदाराची वाट बघत वीस-बावीस तारखेपर्यंत पडून राहतो. त्यामुळे सुरुवातीला दीड महिन्याचा पगार आणि साहित्य तुमच्या खिशात असायला हवं, या सोसायटीसाठी साधारण सत्तर हजार. शिवाय चेकमधून टीडीएस कापून येईल, वैयक्तिक नावावर धंदा असेल तर १ टक्का. तो कापला तर भांडू नका, रिटर्न भरताना जमा धरला जातो. फक्त कापलेला टीडीएस त्यांनी तुमच्या पॅनवर भरलाय ना ते तिमाहीला बघा.

राहिली घासाघीस. सेक्रेटरी म्हणतील, "५४ जमणार नाहीत, ४५ च्या आत बसवा." तेव्हा दर कमी करू नका, तक्ता पुढे करा आणि कामं कमी करा. पुसणं आठवड्यात तीनदाऐवजी दोनदा केलं तर रोजची ४७ मिनिटं सुटतात. पार्किंग एक दिवसाआड केलं तर सुमारे ५०, आतला रस्ता मात्र रोज. आठवड्याची कामं पंधरवड्यावर नेली तर ६०. ७४५ ची ५८८ होतात, म्हणजे दीड माणूस: एक पूर्ण वेळ, एक सकाळी चार तास. अर्ध्या माणसाचा खर्च आणि त्यावरचे तुमचे १० टक्के वजा करून दर ४२,५९२ वर येतो. त्यांच्यासमोर दोन्ही तक्ते ठेवा आणि कमिटीला निवडू द्या. कमी कामाचा तक्ता निवडला तर पहिल्या महिन्यात पार्किंगच्या धुळीवरून तक्रार येईलच. तेव्हा तुमच्याकडे त्यांच्या सहीचा कागद असेल आणि जादा दिवसाचा दरही त्याच कागदावर लिहिलेला असेल.